तळे दिसते, धक्का दिसत नाही

दरवर्षी २० मार्चला महाडला जाणाऱ्या आमच्या माणसांची वाट ठरलेली असते. भाड्याची जीप, चवदार तळे, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार, ओंजळभर पाणी, क्रांतिस्तंभापाशी त्रिसरण-पंचशील, पुस्तकांची थोडी खरेदी, आणि परत. आम्हीही वर्षानुवर्षे असेच गेलो. गेल्या खेपेस परतीच्या वाटेवर दासगावला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा बरोबरच्या एका मुलीने विचारले, "बाबासाहेब इथे कशाने आले होते?" गाडीत अकरा मोठी माणसे होती. कोणालाच चटकन सांगता येईना. खरे सांगायचे तर लाज वाटली.

उत्तर तेथून फार दूर नव्हते. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला धरमतरमार्गे जावे, तर पुढे मोटारवाले आपल्या माणसांना गाडीत घेतील याची शाश्वती नव्हती. म्हणून बाबासाहेब व त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. सावित्रीच्या खाडीकाठी सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तेथून पाच मैल सर्वांनी मिळून महाडपर्यंत पायी वाट तुडवली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सभेला जागा द्यायला गावातले हिंदू तयार नव्हते; ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली.

आणि हा टापू तरी कसला! अस्पृश्यतेवर १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झालेला हा माणूस १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमला गेला, तेव्हा सवर्ण सभासदांना त्याच्या शेजारी बसणे जड गेले. मार्च १९२७ ची पहिली परिषद उभी करण्यासाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे लाडवलीचे. तळ्याकाठी जे घडले त्याची मशागत या खेड्यांतून दोन पिढ्या चालली होती. परंतु जीपच्या खिडकीतून त्या गावांच्या नुसत्या पाट्या मागे पळतात.

जागेची आठवण कोणी सांगायची, यावरून तर महाडात कोर्टकचेरी झाली आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ ला आपली माणसे पाणी प्यायली, त्यानंतर त्यांना मारहाण झाली आणि मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. पुढे सवर्णांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे काय? तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. म्हणजे त्यांनीही आठवणच पुढे केली होती! दहा वर्षे हा वाद चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. तळ्याचे पाणी तेच होते. त्याच्याबद्दल कोणाचे सांगणे खरे, एवढेच ठरायला दहा वर्षे लागली.

डिसेंबरच्या त्या मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची तऱ्हा, हातापायांतले कथलाचे आणि रुप्याचे जड दागिने यांवरून जात ओळखू येते, तेव्हा ती ओळखच टाकून द्या, असा त्या भाषणाचा आशय. आमच्या घरातली एक म्हातारी लुगडे नेसून झाले की, ते घोट्यापर्यंत आले की नाही हे वाकून पाहत असे. नातसुनांनाही ती तसेच नेसायला लावी. कोणी हसले तर म्हणायची, "महाडात ठरलंय ते." ती महाडला कधी गेली नव्हती. तळे केवढे आहे, कोणत्या बाजूला उतरायला पायऱ्या आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हाला ते सगळे ठाऊक आहे, फोटोही आहेत. पण तिच्या त्या तीन शब्दांइतके महाड आमच्या घरात आज आहे की नाही, याची आम्हाला शंका येते.

ती मुलगी आता सातवीत आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर दासगावपासून तळ्यापर्यंतची वाट काढली आहे, आणि धक्क्याच्या जागी एक बोट. बोटीला धुराडेही आहे. यंदा दासगावला उतरून पुढे चालत जायचे ठरते आहे. अंतर आठ किलोमीटर, मार्चचे ऊन, शिवाय महामार्गावर वाहने फार, तेव्हा पहाटेच निघावे लागेल. वयस्कर माणसांसाठी एक जीप मागून येईल. अकरांपैकी सातजण तयार झाले आहेत.