लाळग्रंथींची पुनर्निर्मिती : ऊती-अभियांत्रिकीतील आधारचौकटी

प्रस्तावना

इंदूरमधील परदेशीपुरा ही कापड गिरण्यांच्या आश्रयाने वाढलेली कामगारवस्ती होय. शहरातील हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. अशा वस्त्यांमधील तंबाखूची सवय मात्र गिरण्यांबरोबर संपली नाही. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरीही तोंडाच्या कर्करोगाचे संकट टळलेले नाही. किरणोपचाराने अनेक रुग्णांचे प्राण वाचतात. परंतु पुष्कळदा त्यांचे तोंड कायमचे कोरडे पडते. अशा रुग्णाला रोजा सोडताना खजुराचा तुकडाही पाण्यावाचून गिळता येत नाही. ही हानी भरून काढण्याच्या एका प्रयत्नाचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

लाळ आणि तिच्या ग्रंथी

लाळेला उर्दूत ‘लुआब’ म्हणतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, पिष्टाचे पचन सुरू करते व दातांना किडण्यापासून जपते. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असून त्यांपैकी सर्वांत मोठी जोडी कानांपुढे असते. ग्रंथीची रचना द्राक्षाच्या घडासारखी असते : मण्यांच्या जागी लाळ पाझरणाऱ्या पेशींचे पुंजके आणि देठांच्या जागी नलिका. किरणांनी प्रथम या पुंजक्यांचीच हानी होते. एकदा नष्ट झालेल्या या पेशी शरीर पुरेशा प्रमाणात पुन्हा निर्माण करू शकत नाही.

आधारचौकट कशासाठी?

रुग्णाच्याच ग्रंथीतील निरोगी पेशी आधी काढून ठेवाव्यात, प्रयोगशाळेत वाढवाव्यात व नंतर परत रोपाव्यात, अशी ही कल्पना आहे. अडचण अशी की, सपाट काचेवर वाढवलेल्या पेशी पसरतात आणि लाळ पाझरण्याचा आपला गुण गमावतात. लाळ नलिकेच्या दिशेनेच पाझरली पाहिजे. म्हणजे पेशीला आपली आतली व बाहेरची बाजू कळली पाहिजे. द्राक्षवेलीला जसा मांडव, तशी या पेशींना आधारचौकट लागते.

ही चौकट सच्छिद्र हवी, म्हणजे पोषक द्रव्ये आत पोहोचतात. ती मऊ हवी, कारण कठीण पृष्ठभागावर ग्रंथीला नीट फांद्या फुटत नाहीत. आणि पेशी स्थिरावल्यावर ती हळूहळू विरघळून जायला हवी. आपोआप विरघळणारे टाके ज्या प्रकारच्या बहुवारिकाचे असतात त्याचे अतिसूक्ष्म तंतू, शरीरात निसर्गतः असणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाची जेली, रेशमातील फायब्रॉइन प्रथिन, तसेच पेशी धुऊन काढलेल्या ग्रंथीचा उरलेला सांगाडा, अशा निरनिराळ्या पदार्थांवर संशोधन झाले आहे. लॅमिनिनसारखी प्रथिने त्यात मिसळल्यास पेशींना दिशा मिळते.

आजची मर्यादा

केवळ पेशी जगून भागत नाही. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि तोंडात उघडणारी नलिका यांच्याशी नव्या ग्रंथीची जोडणी व्हावी लागते. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये भ्रूणपेशींपासून घडवलेली ग्रंथी उंदरात रोपली. तिला मज्जातंतू जोडले गेले व चव लागताच लाळही आली. मात्र माणसांसाठी आधारचौकटीवरील ग्रंथी अद्याप नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

म्हणून असलेली ग्रंथी वाचवणे हाच आजचा खात्रीचा मार्ग ठरतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने ६० रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किरणोपचाराच्या दोन पद्धतींची तुलना केली गेली. उपचाराच्या काळात लाळग्रंथींना मध्यम वा तीव्र इजा झालेल्यांचे प्रमाण त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के होते. किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आयएमआरटी पद्धतीत ते ५९ टक्के आढळले.

निष्कर्ष

आधारचौकटींचे संशोधन आशादायक आहे, परंतु त्या आशेवर आजचा रुग्ण थांबू शकत नाही. किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच दातांची तपासणी करून घ्यावी आणि लाळग्रंथी किती वाचवता येतील हे डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न विचारायचा असतो, हेच अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. वर्गातील विद्यार्थ्यांमार्फत तो घराघरांत पोहोचवणे शिक्षकांना सहज शक्य आहे.