केले, झाले आणि करावे लागले : भयप्रधान व्हिडिओ गेममधील अपराधभाव

व्हिडिओ गेममध्ये पडद्यावरील एखादे पात्र मारले गेले, तर कोणाचेही प्रत्यक्ष अहित होत नाही. तरीही मानसिक भयावर आधारलेले काही खेळ संपल्यावर खेळाडूच्या मनास टोचणी लागून राहते. जे कृत्य प्रत्यक्षात घडलेच नाही, त्याचा अपराधभाव का वाटावा? प्रश्न नवा दिसतो. परंतु त्याच्या उकलीस उपयोगी पडणारे भेद मराठी वाक्यरचनेत पूर्वीपासूनच आहेत.

एकाच कृत्याविषयी मराठी भाषक तीन प्रकारे बोलू शकतो : ‘मी त्याला मारले’, ‘माझ्या हातून तो मेला’ आणि ‘मला त्याला मारावे लागले’. पहिल्या वाक्यात कृत्याचे कर्तृत्व उघडपणे ‘मी’कडे आहे, जुन्या मराठीत अशा ठिकाणी ‘म्यां’ हे तृतीयेचे रूप येत असे. दुसऱ्या वाक्यात क्रियापद अकर्मक झाले असून व्याकरणदृष्ट्या मरणाराच कर्ता ठरतो. मारणारा ‘हातून’ या पदापुरता उरतो. तिसऱ्या वाक्यात कर्ता ‘मला’ या रूपात येतो, आणि क्रिया त्याने केलेली नसून त्याच्यावर येऊन पडलेली भासते. दादोबा पांडुरंग (१८३६) व मोरो केशव दामले (१९११) यांच्या व्याकरणांत प्रयोगविचार आहे. परंतु क्रियापद कोणास अनुसरते हा प्रश्न वेगळा आणि दोष कोणाकडे जातो हा वेगळा.

या दुसऱ्या प्रश्नाची दखल नाशिक परिसरातील एका विधीने घेतलेली आहे. त्र्यंबकेश्वर येथे नागबळी करतात. नाग मारल्याच्या दोषाचे हे प्रायश्चित्त असून त्यात गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचे दहन केले जाते. ‘हातून झाले’ एवढे म्हणून सुटका होत नाही, ही श्रद्धा त्यामागे आहे. पिठाचा नाग खरा नव्हे, हे यजमानास ठाऊक असते. तरी त्याच्याशी जोडलेली भावना खोटी ठरत नाही. पडद्यावरील पात्राविषयीही असेच म्हणता येईल. कल्पित देहाच्या निमित्ताने जागी झालेली टोचणी कल्पित असतेच असे नाही.

आता खेळांकडे वळू. २०१२ सालचा ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ हा युद्धाचा खेळ असला, तरी त्याचा भर मनाच्या पडझडीवर आहे. त्यातील पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही, आणि त्यात निरपराध नागरिक बळी पडतात. येथे खेळाडूस ‘मला करावे लागले’ असे म्हणण्यास जागा राहते. २००१ च्या ‘सायलेंट हिल २’ मध्ये नायकाने आपल्या आजारी पत्नीस मारलेले असते, पण ते सत्य तो स्वतःपासूनच दडवतो. शिवाय खेळाडू जखमांकडे दुर्लक्ष करतो का, एक विशिष्ट सुरी पुनःपुन्हा न्याहाळतो का, अशा बारीक वर्तनावरून कथेचा शेवट ठरतो. निवड झाली, पण ती होत असताना कळली नाही; हे ‘हातून झाले’चे उदाहरण होय. २०१५ चा ‘अंडरटेल’ रूपाने भयप्रधान नाही. मात्र त्यात कोणासही न मारता शेवट गाठता येतो. सर्वांस मारून खेळ पुरा केला, तर पुन्हा आरंभ करूनही त्याची खूण पुसली जात नाही. येथे ‘मी केले’ याखेरीज दुसरे वाक्य उरत नाही.

यावरून असे दिसते की, अपराधभाव दृश्याच्या क्रौर्यावर तितकासा अवलंबून नसतो. दुसरा मार्ग खरोखर मोकळा होता, ही जाणीव त्याचे मूळ होय. म्हणून ‘खेळ हिंसक आहे काय?’ एवढेच विचारणारे पालक व शिक्षक मुख्य गोष्ट गमावतात. खेळ संपल्यावर मूल तीनांपैकी कोणते वाक्य उच्चारते, हे ऐकणे अधिक उद्बोधक ठरेल. कारण हीच वाक्ये पुढे अपघातानंतर, दंगलीनंतर आणि वरिष्ठांच्या हुकमानंतरही उच्चारली जातात. ‘करावे लागले’ हे कधी निखळ सत्य असते, तर कधी केवळ आडोसा. व्याकरण दोन्हींस एकच रूप देते. त्यांतील भेद बोलणाऱ्यानेच ओळखावयाचा असतो.