चिरुटाच्या पेटीवरील इशारा आणि आपली धूमवर्ती

साठी उलटलेले एक गृहस्थ टाळूवरील पांढऱ्या चट्ट्याची तक्रार घेऊन चिकित्सालयात आले. तंबाखू, विडी, सिगारेट यांपैकी कशाचेही व्यसन नसल्याचे त्यांनी ठामपणे सांगितले. प्रश्नपरीक्षा संपत आली तेव्हा हळूच पुस्ती जोडली, "फक्त जेवणानंतर एक सिगार, डॉक्टरसाहेब, तीही धूर आत न घेता." पेटीवरचा इशारा वाचला नाहीत का, असे विचारता ते म्हणाले, "पेटी कोणी पाहिलीय? दुकानदार काचेच्या कपाटातून एक काढून देतो." त्यांना तातडीने ऊतिपरीक्षेसाठी पाठविले, परंतु त्यांची ही दोन्ही वाक्ये मनात राहिली.

प्रथम 'धूर आत न घेता' याविषयी. सिगारचा तंबाखू वाळवून व आंबवून सिद्ध केलेला असल्याने त्याचा धूर क्षारधर्मी असतो आणि त्यातील निकोटिन मुखाच्या श्लेष्मल त्वचेतूनच शोषले जाते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. अमेरिकेत २००० साली फेडरल ट्रेड कमिशनने सात मोठ्या सिगार कंपन्यांशी समझोता करून वेष्टनावर आळीपाळीने छापावयाचे पाच इशारे ठरविले. त्यांपैकी एक नेमका याच भ्रमासाठी होता : धूर आत ओढला नाही तरीही मुख व कंठ यांचा कर्करोग होऊ शकतो. पुढे २०१६ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनाच्या दोन मुख्य बाजूंचा ३० टक्के भाग व्यापणारे इशारे फर्माविले. इशाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांची संख्या घटेल काय, याचा विचारच प्रशासनाने केला नाही, या कारणास्तव अपील न्यायालयाने २०२० साली ते रद्द ठरविले.

आपल्याकडे १९७५ चा कायदा केवळ सिगारेटपुरता होता. २००३ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत मात्र सिगार व चिरूट यांची स्वतंत्र नोंद आहे. कलम ७ नुसार इशारा नसलेले वेष्टन विकता येत नाही, आयातही करता येत नाही. आणि 'वेष्टन' या शब्दात पेटी, डबा, खोके सर्व येते. इशाऱ्याने व्यापावयाचा भाग २००९ साली दर्शनी बाजूच्या ४० टक्के होता. १ एप्रिल २०१६ पासून तो दोन्ही मुख्य बाजूंच्या ८५ टक्के झाला : ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. २०१८ पासून व्यसनमुक्तीसाठीचा १८००-११-२३५६ हा क्रमांकही छापावा लागतो. परदेशी लाकडी पेटी कितीही देखणी असली तरी तिला यातून सूट नाही.

पण पेटीतून एकच सिगार काढून दिली की इशारा दुकानातच राहतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीस बंदी केली, त्यामागचे एक कारण हेच होते. परंतु अधिनियमातील सिगारेटच्या व्याख्येतून सिगार व चिरूट स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. आमचे गृहस्थ नेमके याच फटीतून निसटले.

हे वाचून औषधालयचालकांनी निर्धास्त होऊ नये. अनुसूचीतील शेवटची नोंद तंबाखूयुक्त दंतमंजनाची आहे. आयुर्वेदीय परवान्याखाली बनणाऱ्या तशा मंजनांवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती कायम केली. 'आयुर्वेदिक' या शब्दाआड तंबाखू विकण्याचा तो प्रकार आपल्या शास्त्राला शोभणारा नव्हताच. तंबाखू बृहत्त्रयीत नाही. 'तमाखु' भेटतो तो थेट योगरत्नाकरात.

आता धूमवर्तीकडे येऊ. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितलेली वर्ती आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड व यवाकृती आहे. पाहणाऱ्याला ती सिगारच वाटावी. तंबाखूविरहित असल्याने २००३ चा अधिनियम तिला लागू नाही. औषध नियमांतील नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्ये इत्यादी तपशील द्यावा लागतो. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना मात्र अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असतील तरच सक्तीची आहे. म्हणजे धुराविषयी एक अक्षरही न छापता वर्ती विकता येते. चरकांनी मात्र अकाली व अतिमात्र धूमपानाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम होतो असे तेथेच बजावले आहे, आणि वाग्भटांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम वर्ज्य सांगितला आहे. (तंबाखूविक्रीसाठी २००३ च्या अधिनियमाने घातलेली वयोमर्यादाही अठराच, हा योगायोग गमतीचा.) शिवाय कोणतीही वनस्पती जाळली की कार्बन मोनॉक्साइड व डांबर निर्माण होणारच, 'निकोटिनमुक्त' हा शब्द छापताना हे सोयीस्करपणे विसरले जाते.

आमच्या औषधालयात आता प्रत्येक वर्तीला स्वतंत्र कागदी पट्टी लावतो. तीवर कालमर्यादा, निषिद्ध अवस्था, 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस देऊ नये' आणि 'वैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नये' एवढाच मजकूर असतो. पहिल्या खेपेस पट्टी मध्यावर लावली होती. ती वाचली जाण्यापूर्वीच जळू लागली. हल्ली ती ओठांकडील टोकाला असते.