पेशीवर ढेकळांचा मारा

पाण्याबरोबर गिळलेली औषधाची गोळी शरीरात नेमकी जाते तरी कुठे? रक्तात औषध किती उतरले, हे प्रयोगशाळा सांगते. पण ते आजारी पेशीच्या आत शिरले की दारातच अडकले, हे सांगणे फार अवघड. अवयवाचा तुकडा वाटून यंत्रात घातला, की त्यात काय काय आहे ते कळते. पत्ता मात्र वाटण्यातच हरवतो. चटणीत खोबरे आहे हे चवीने कळेल, पण वाटण्यापूर्वी ते कुठे होते हे कसे कळणार?

हे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचा तराजूच म्हणा ना! विद्युतभार असलेले रेणू सारख्याच जोराने पळवायचे. हलका आधी पोहोचतो, जड मागाहून. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा प्रकारची यंत्रे स्वतः घडवली आहेत. सजीवांच्या बाबतीत अडचण वेगळीच: त्यांचे नाजूक रेणू न मोडता जागेवरून उचलायचे कसे?

जुना उपाय बंदुकीच्या गोळीसारखा होता. गॅलियम किंवा आर्गॉनचा एकेक भारित अणू नमुन्यावर आपटायचा. तो खोल घुसे, वाटेतले रेणू फोडी आणि खालचा थरही नासवी. म्हणून पृष्ठभागाच्या शंभरातल्या एका भागापलीकडे कोणी मारा करीत नसे.

भिंतीवर गोळी झाडली तर भोक पडते. मातीचे ढेकूळ मारले, तर तेच फुटते आणि वरचा पोपडा तेवढा उडतो. अणूंच्या पुंजक्याचेही असेच आहे. १९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ६० कार्बन अणूंचा, फुटबॉलच्या घडणीचा रेणू सापडला. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मँचेस्टरचे जॉन व्हिकरमन आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे निकोलस विनोग्राड यांनी पुढे हा चेंडूच बंदुकीत भरला! २०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा चेंडू आपटून फुटला, की एकेका अणूच्या वाट्याला जेमतेम ३३३ येतात. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात इसाओ यामादा यांनी वायूंच्या पुंजक्यांचे झोत विकसित केले. त्यात २,००० आर्गॉन अणू असतील, तर वाटणी प्रत्येकी फक्त १० ची.

गंमत म्हणजे, थोडाफार नासलेला थर पुढच्या माऱ्यात आपोआप उडून जातो. त्यामुळे पेशी थराथराने खरवडत खाली जाता येते. २००७ साली मँचेस्टरच्या गटाने झेनोपस बेडकाच्या, सुमारे एक मिलिमीटरच्या गोठवलेल्या अंडपेशीत कोलेस्टेरॉल व इतर स्निग्ध पदार्थ कुठे कसे पसरले आहेत, याचे त्रिमितीय चित्र काढले. कोणताही रंग न लावता!

२०१७ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील इयान गिल्मोर आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या पुंजक्यांनी एकेक भक्षक पेशी तपासली. पेशींना अमिओडॅरोन हे हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारे औषध दिले होते. औषध पेशीत दिसलेच. शिवाय त्याचे प्रमाण वाढले तसे काही स्निग्ध पदार्थही वाढलेले आढळले. फुप्फुसाला अपाय करण्याबद्दल हे औषध आधीच बदनाम, त्यामुळे ही नोंद महत्त्वाची.

अर्थात, सारे काम निर्वात पेटीत चालते. जिवंत पेशी तिथे टिकत नाही, ती वाळवून किंवा गोठवूनच ठेवावी लागते. आणि अवजड प्रथिने या माऱ्यानेही सहसा अखंड उठत नाहीत. त्यांच्यासाठी आजही लेसरच बरा.