थेंब केवढा, यावर सगळं अडतं

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथला सन फोटोमीटर ठरावीक वेळाने जागचा हलतो आणि आपली नळी नेमकी सूर्यावर रोखतो. आतली फिल्टरची चकती फिरते, एकेका रंगाचा उजेड मोजला जातो. हवा मध्ये नसती तर किती उजेड पोचला असता, हे ठाऊक असतं. वाटेत जो गळाला त्यातून हवेच्या रेणूंचा वाटा वजा केला की मुख्यतः धूर, धूळ आणि समुद्री मिठाचा हिशेब उरतो. संवेदकावर पावसाचा थेंब पडला की यंत्र नळी खाली वळवतं आणि काम थांबवतं.

धूर की धूळ, तेही कळतं. धुराचे बारीक कण निळा उजेड जास्त अडवतात, तांबडा कमी. धुळीच्या जाड कणांना असा भेद फारसा नसतो. म्हणूनच पुण्याचं डिसेंबरातलं धुरकट आकाश आणि मे महिन्यातलं धुरकट आकाश डोळ्यांना सारखं भासलं, तरी आकड्यांत निराळं निघतं.

पण पावसाळ्यात सूर्य दिसतो कुठे? तेव्हा भिस्त रडारवर. सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेने दोन रडार बसवले. एकाची लहर सुमारे 3 सेंटिमीटर लांब. तो पाऊस टिपतो. दुसऱ्याची लहर सेंटिमीटरहूनही आखूड, त्यामुळे पाऊस न देणारा ढगही त्याला दिसतो. पाऊस फार जोराचा असला, तर मात्र हीच आखूड लहर वाटेत विरते.

रडारची खरी गोम पुढे आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परतणारा प्रतिध्वनी 64 पट होतो. म्हणजे 1 मिलिमीटरचा एकच थेंब 10 मायक्रॉनच्या एक लाख कोटी थेंबांइतका ठळक दिसतो!

महाबळेश्वरला हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. तिथे याच संस्थेची प्रयोगशाळा 2012पासून आहे. तिथला डिस्ड्रोमीटर पृष्ठभागावर आदळणाऱ्या प्रत्येक थेंबाच्या धक्क्यावरून त्याचा आकार ठरवतो. घाटमाथ्यावरचा पाऊस बहुतेक बुटक्या ढगांतून पडतो: थेंब बारीक, पण संख्येने अफाट. पाणी धो धो कोसळत असतं आणि रडारवरचा प्रतिध्वनी मात्र त्या मानाने क्षीण असतो. प्रतिध्वनीवरून पाऊस काढण्याचं, मोठ्या थेंबांच्या पावसावर बेतलेलं सूत्र इथे लावलं तर पाऊस कमी भरतो. म्हणून इथलं सूत्र डिस्ड्रोमीटरने मोजलेल्या थेंबांवरूनच बसवावं लागतं.