‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ख्रिस्ती विचारातील सामुदायिक उत्तरदायित्वाचे भाषिक स्वरूप

समाजाच्या हिताहिताचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर नीतिशास्त्र तत्त्वांच्या द्वारे देते; भाषा ते पुष्कळदा सर्वनामांच्या द्वारे देते. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपात श्रोत्याचा समावेश होत नाही; ‘आपण’ या रूपात होतो. हिंदीतील ‘हम’ या शब्दात हा भेद नाही. द्राविड भाषाकुलात मात्र तो प्राचीन असून, मराठीतील भेद हा त्या कुलाच्या सान्निध्याचा परिणाम असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुका या दृष्टीने उद्बोधक होय. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवरील या तालुक्यात मराठी, हिंदी व द्राविड कुलातील गोंडी यांचा नित्य संपर्क घडतो.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तिच्यातील ‘हेमेइस’ हे सर्वनाम ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंचे काम करते. त्यामुळे मूळ लेखकाला जो निर्णय करावा लागला नाही, तो मराठी भाषांतरकाराला प्रत्येक स्थळी करावा लागतो. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत मराठी भाषांतर ‘आम्ही’ योजते, आणि ते यथार्थ आहे. कारण तेथे श्रोता स्वतः ईश्वर आहे. परंतु त्या प्रार्थनेत ‘मी’ कोठेही नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकान्तात प्रार्थना करणारा मनुष्यही भाकर मागतो ती सर्वांसाठी, आणि क्षमा मागतो तीही सर्वांसाठी.

पौलाच्या गलतीकरांस पत्रात सहाव्या अध्यायातील उपदेश ‘आपण’ या रूपाने येतो. सर्वांचे भले करावे, विशेषतः विश्वासाने एका घराण्यात आलेल्यांचे करावे, असा त्याचा आशय आहे. येथेच खरी अडचण उद्भवते. ‘सर्व’ आणि ‘विशेषतः’ या दोन शब्दांत ताण आहे. ‘विशेषतः’ या शब्दावर सगळा भर दिला म्हणजे ‘आपण’चे पुन्हा ‘आम्ही’ होते, आणि उत्तरदायित्व मंडळीच्या उंबरठ्याशी थांबते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेत हा उंबरठा ओलांडण्याचे प्रयत्न झालेले आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. पुढे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे भूमी, पाणी व वृक्षराजी यांच्या रक्षणार्थ चळवळ उभारली. विहिरीतील पाणी आटले तर ते सर्व धर्मीयांचे आटते. म्हणून ती चळवळ एका धर्माच्या अनुयायांपुरती राहणे शक्यच नव्हते. धर्मगुरू असलेले हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

तथापि सामुदायिक उत्तरदायित्व म्हणजे व्यक्तीची सुटका नव्हे. ‘सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे’ हा अनुभव सार्वत्रिक आहे. पौलाने याच अध्यायात परस्परांचे भार वाहण्यास सांगितले असून, थोड्याच अंतरावर प्रत्येकाने स्वतःचा भार वाहावा असेही म्हटले आहे. हा विरोध वरवरचा आहे. पहिल्या स्थळी ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारे ओझे, हा शब्द आहे. दुसऱ्या स्थळी ‘फोर्तिओन’, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा बोजा. पहिले वाटून घ्यावयाचे असते. दुसरा दुसऱ्यावर टाकावयाचा नसतो.

मराठी ‘आपण’ या शब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात. तो समावेशक अनेकवचनी आहे, तसाच ‘स्वतः’ या अर्थी आत्मवाचकही आहे. शिवाय समोरच्याला आदराने संबोधण्यासाठीही तोच वापरला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. सालेकशासारख्या वनप्रदेशात अशा सभेत निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एकत्र बसतात, तेव्हा ‘जंगल आमचे’ आणि ‘जंगल आपले’ यांतील अंतर केवळ व्याकरणाचे राहत नाही. पहिल्या वाक्यात हक्क सांगितला जातो. दुसऱ्यात श्रोत्यालाही राखणदारीस बोलावले जाते. ख्रिस्ती विचाराला अभिप्रेत असलेले उत्तरदायित्व या दुसऱ्या वाक्याचे आहे.