गेमचे व्हिडिओ करणारा आणि गेमचा पत्रकार : कॅमेरा एकच, मग फरक कुठे?

विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटर लोकलने काढायचे, तर काहीतरी विरंगुळा लागतोच. डब्यात कोणी रील पाहत असतं, कोणी डोळे मिटून बसलेलं असतं, तर कोणाचा मोबाइल आडवा धरलेला असतो. मोबाइल आडवा आणि दोन्ही अंगठे जोरात चालू, म्हणजे गेम सुरू आहे असं समजायचं. वसई, नालासोपारा, विरारमधल्या बऱ्याच घरांत या आडव्या मोबाइलवरून वाद होतात आणि शेवटी प्रश्न येतो : ‘यात करिअर होतं का?’

होतं. पण या एका शब्दात दोन वेगळी कामं दडलेली आहेत. एक काम क्रिएटरचं, म्हणजे खेळून आणि बोलून लोकांची करमणूक करण्याचं. दुसरं पत्रकाराचं, म्हणजे गेम कसा आहे, त्यावर पैसे खर्च करावेत का, या धंद्यात काय चाललंय, हे सांगण्याचं. आज अनेक जण एकाच चॅनेलवर ही दोन्ही कामं करतात. खरी अडचण तिथंच सुरू होते.

पैसे नेमके येतात कुठून?

यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. लाइव्ह चालू असताना प्रेक्षक सुपर चॅटमधून पैसे देतात, त्यातले ७० टक्के मिळतात.

ही कमाई दर महिन्याला वर-खाली होते. म्हणून प्रायोजक शोधावे लागतात. हे प्रायोजक कोण? गेम कंपन्या, मोबाइल, लॅपटॉप आणि हेडफोन बनवणाऱ्या कंपन्या. म्हणजे ज्यांच्या मालाबद्दल खरं बोलायचं, बऱ्याचदा तेच पैसे देणारे.

क्रिएटरची पुंजी : मुंबईचं उदाहरण

‘मॉर्टल’ या नावानं ओळखला जाणारा मुंबईचा नमन माथुर २०१९ मध्ये ‘पबजी मोबाइल इंडिया सिरीज’ जिंकणाऱ्या ‘सोल’ संघात होता. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारनं पबजी मोबाइलसह ११८ अॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो गेम ‘बीजीएमआय’ या नावानं परतला, जुलै २०२२ मध्ये अॅप स्टोअरवरून पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

या सगळ्या काळात मॉर्टलचं नाव टिकलं, कारण प्रेक्षक गेमइतकेच माणसासाठीही येत होते. मिथिलेश पाटणकर म्हणजे ‘मिथपॅट’नं तर एकाच गेमवर कधी विसंबून न राहता गप्पा आणि विनोदावर चॅनेल उभं केलं. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सात गेमर्सशी संवाद साधला, त्यांत हे दोघेही होते.

थोडक्यात, लोकांचं प्रेम ही क्रिएटरची पुंजी. त्यानं तटस्थ असावं अशी कोणाची अपेक्षा नसते. पत्रकाराचं तसं नाही.

पत्रकाराची पुंजी : गर्स्टमन प्रकरण

अमेरिकेतला जेफ गर्स्टमन १९९६ पासून ‘गेमस्पॉट’ या वेबसाइटवर काम करत होता. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यानं ‘केन अँड लिंच’ या गेमला १० पैकी ६ गुण दिले. त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती त्या वेबसाइटवर झळकत होत्या. काही दिवसांतच त्याची नोकरी गेली. कारण जाहीर झालं नाही, पण वाचक खवळले आणि पुढे काही सहकाऱ्यांनीही वेबसाइट सोडली. जाहिरातदारांच्या नाराजीचा दबाव होता, हे तो २०१२ मध्ये उघडपणे बोलू शकला.

२००८ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसोबत ‘जायंट बॉम्ब’ सुरू केलं. तिथं लेखांबरोबरच व्हिडिओ आणि पॉडकास्टवर भर होता आणि पुढे वर्गणी भरणारे प्रेक्षकही मिळाले. २०२२ मध्ये तिथूनही बाहेर पडून तो थेट श्रोत्यांच्या वर्गणीवर स्वतःचा पॉडकास्ट करू लागला. ज्या सहा गुणांच्या वेळी नोकरी गेली, त्यांनीच त्याच्या शब्दाला वजन दिलं. प्रेक्षक त्याच्या मागे गेले ते या विश्वासामुळे.

भारतात नियम काय सांगतात?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट मिळालेला माल, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं. लाइव्हमध्ये ती सूचना पूर्ण वेळ दिसायला हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू कंपनीकडून मिळाल्या आणि स्वतःजवळ ठेवल्या, तर १ जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस लागतो. वापरून परत केलेली वस्तू यात धरत नाहीत. म्हणून परीक्षणासाठी आलेला फोन परत करणं कराच्या दृष्टीनं सोपं आणि विश्वासाच्या दृष्टीनंही बरं.

सगळ्यात मोठा बदल ऑगस्ट २०२५ चा. संसदेनं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. अशा गेमची जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली.

मग वसईत बसून सुरुवात करायची तर?

हे काम घरातून होतं, रोज विरार लोकलमध्ये चढावं लागत नाही. उन्हाळ्यात वीज गेली की लाइव्ह तुटतं, त्यामुळे इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरलेला बरा. पहिली कमाई यायला किती महिने लागतील याची खात्री नसते, म्हणून शिक्षण किंवा नोकरी सोडून यात उडी मारू नये.

पत्रकारिता करायची असेल तर विषय आसपास भरपूर आहेत. जवळपासच्या स्पर्धेत जाहीर झालेलं बक्षीस विजेत्याला खरंच मिळालं का? दहा-बारा हजारांच्या मोबाइलवर नवा गेम नीट चालतो का? लहान मुलांकडून गेममध्ये नकळत पैसे कसे खर्च होतात? अशी माहिती मराठीतून देणाऱ्याला आई-बापही ऐकतील.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. गेम स्वतः विकत घेतला की कंपनीनं दिला, हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगायचं. प्रायोजक आज आहे, उद्या नसेल. ‘हा सांगतो म्हणजे खरं असेल’ असं ज्याच्याबद्दल लोक म्हणतात, त्याला गेम बदलला तरी प्रेक्षक शोधत बसावे लागत नाहीत.